डिस्क दिली १०० जीबी, मग ती गेली कुठं? व्हर्च्युअल मशीनच्या जागेबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी मेलमध्ये व्हर्च्युअल मशीनच्या (म्हणजे खऱ्या कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरनं उभ्या केलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरच्या) डिस्कवरचे प्रश्न इतके आलेत की बाकीचे सगळे विषय पुढच्या अंकावर ढकललेत. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी कळवलंय म्हणून फक्त गाव देतोय. प्रश्न लांबीसाठी थोडे कापलेत, भाषा तुमचीच ठेवलीये.

प्रश्न (नांदेड, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी) : सर, माझ्या लॅपटॉपला ५१२ जीबीचा एसएसडी आहे, त्यात जेमतेम ७० जीबी मोकळे होते तरी व्हर्च्युअलबॉक्सनं (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरनं) मला १०० जीबीची डिस्क बनवू दिली, हे कसं काय? आता त्यात उबुंटू लिनक्स टाकलंय, आत बघितलं तर १९ जीबीच वापरलेत पण बाहेर विंडोजमध्ये तीच फाइल ५२ जीबीची दिसते. मधे प्रोजेक्टसाठी मोठे डेटासेट टाकले होते ते कधीच उडवले, ट्रॅशसुद्धा रिकामा केला. मग ही जागा अडवून कोण बसलंय?

उत्तर : तुझ्या प्रश्नात तीन आकडे आहेत आणि तिन्ही खरे आहेत, फक्त ते तीन वेगवेगळ्या ठिकाणचे आहेत. १०० जीबी ही मर्यादा आहे, म्हणजे आतल्या उबुंटूला सांगितलेलं असतं की तुझी डिस्क एवढी आहे. ५२ जीबी म्हणजे त्या डिस्कच्या फाइलनं तुझ्या खऱ्या एसएसडीवर आजपर्यंत घेतलेली जागा. आणि १९ जीबी म्हणजे उबुंटूच्या फाइल सिस्टिमच्या हिशेबानं आज वापरात असलेली जागा. पहिला आकडा तू ठरवलास, दुसरा व्हर्च्युअलबॉक्स सांभाळतो, तिसरा उबुंटू सांभाळतो, आणि हे दोघं आपणहून एकमेकांशी बोलत नाहीत. या पानावरच्या निम्म्या प्रश्नांचं मूळ इथंच आहे म्हणून जरा निवांत सांगतो.

डिस्क बनवताना तू 'डायनॅमिकली अलोकेटेड' ठेवलं असणार, डिफॉल्ट तेच असतं. त्यात फाइल सुरुवातीला अगदी एक-दोन एमबीची असते आणि उबुंटू जसजसं नवीन जागेवर लिहितं तसतशी ती एकेका एमबीच्या ब्लॉकनं वाढत जाते. पुढेमागे १०० जीबी लागले तर ते होस्टवर, म्हणजे बाहेरच्या खऱ्या कॉम्प्युटरवर, आहेत का, हे बनवताना कुणी तपासत नाही, म्हणून ७० मोकळे असतानाही १०० ची डिस्क झाली. 'फिक्स्ड साइज' निवडलं असतंस तर १०० च्या १०० जागेवरच घ्यायला गेलं असतं आणि तिथंच नाही म्हणालं असतं.

आता डिलीटचं. उबुंटूमध्ये फाइल उडवली की फाइल सिस्टिम फक्त स्वतःच्या नोंदीत लिहिते की हे ब्लॉक आता मोकळे, ब्लॉकमधला जुना मजकूर तसाच पडून राहतो, खऱ्या हार्ड डिस्कवरसुद्धा वर्षानुवर्षं असंच चालत आलंय. पण बाहेर बसलेल्या व्हर्च्युअलबॉक्सला फाइल म्हणजे काय, फोल्डर म्हणजे काय, काही कळत नाही. त्याला फक्त एवढंच दिसतं की अमुक ब्लॉकवर एकदा लिहिलं गेलं होतं, म्हणून तो ब्लॉक तो जपून ठेवतो. शिवाय नवीन फाइल नेहमी जुन्या मोकळ्या झालेल्या जागेवरच जाईल असं काही नाही, कोऱ्या जागेवरही जाते, त्यामुळं आत वापर १९ च्या आसपास राहिला तरी बाहेरची फाइल वाढतच जाते. तुझे ५२ जीबी म्हणजे त्या डिस्कवर कधी ना कधी लिहिल्या गेलेल्या सगळ्या जागांची बेरीज आहे.

जागा परत मिळवायची तर आतली मोकळी जागा शून्यांनी भरायची आणि मग बाहेरून फाइल आकसून घ्यायची. उबुंटूत डीडी कमांडनं डेव्ह झीरो (नुसती शून्यं देणारी खास फाइल) मधून एक मोठी फाइल लिहीत जायचं, डिस्क भरली असा एरर आला की ती फाइल उडवायची, सिंक करून मशीन बंद करायचं. झीरोफ्री नावाचं टूलही आहे, ते जास्त नीटनेटकं काम करतं पण त्यासाठी पार्टिशन रीड-ओन्ली माउंट करावं लागतं. आत विंडोज असेल तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्समधलं एसडिलीट, झेडच्या ऑप्शनसह. नंतर बाहेर कमांड प्रॉम्प्टमध्ये व्हीबॉक्समॅनेज मॉडिफायमीडियम, पुढं डिस्क, फाइलचा पाथ आणि शेवटी दोन डॅश देऊन कॉम्पॅक्ट. हे व्हर्च्युअलबॉक्सच्या व्हीडीआय प्रकारच्या डिस्क फाइललाच चालतं आणि स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची जपून ठेवलेली अवस्था) असतील तर ते आधी काढावे लागतात, नाहीतर जागा त्यांच्यातच अडकून राहते.

एक मात्र आधी बघ, शून्यं लिहिताना फाइल थोडा वेळ अजून फुगू शकते, म्हणजे तुझ्या बाबतीत ५२ वरून १०० च्या दिशेनं जाऊ शकते, आणि होस्टवर तेवढी जागा नसेल तर मशीन मधेच पॉज होईल. ज्याच्याकडं जागा आधीच कमी आहे त्यानं हा उपाय करताना डिस्कची फाइल एखाद्या एक्स्टर्नल एसएसडीवर हलवून तिथं करावा हे बरं.

कायमचा इलाज डिस्कार्ड हा आहे. स्टोरेजच्या सेटिंगमध्ये डिस्कला सॉलिड-स्टेट म्हणून टिक करायची आणि व्हीबॉक्समॅनेजच्या स्टोरेजअटॅचमध्ये डिस्कार्ड ऑन करायचं, मग आतल्या उबुंटूनं एफएसट्रिम चालवलं की ते बाहेर कळवतं की हे हे ब्लॉक मला नकोत, आणि फाइल आपोआप लहान होते. उबुंटूत एफएसट्रिमचा टायमर आठवड्यातून एकदा आपसूक चालतो, मधली साखळी जोडली की झालं. केव्हीएम किंवा प्रॉक्समॉक्स या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर असाल तर तिथंही हेच आहे, प्रॉक्समॉक्समध्ये तर हार्डवेअरच्या पानावर डिस्कसमोर 'डिस्कार्ड' चा साधा चौकोन आहे पण तो नवीन डिस्क करताना बहुतेक जण रिकामाच सोडतात.

आणि जाता जाता, तुझा ५१२ चा एसएसडी विंडोजमध्ये ४७६ दिसत असेल, त्यातलं काही चोरीला गेलेलं नाही. कंपनी १००० च्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. व्हर्च्युअल डिस्कचे हिशेब जुळवताना हा फरक लक्षात ठेव, नाहीतर उगाच पाच-सात टक्के हरवल्यासारखे वाटतात.

प्रश्न (सांगली जिल्हा, एका पतसंस्थेचं आयटी बघणारे वाचक) : आमच्याकडं एक सर्व्हर आहे, त्यावर व्हीएमवेअर ईएसएक्सआय (सर्व्हरवर व्हर्च्युअल मशीन चालवणारी सिस्टिम) आणि सहा मशीन. २ टीबीचा डेटास्टोअर (सगळ्या मशीनच्या डिस्कच्या फाइली असतात ती जागा). चार महिन्यांपूर्वी सॉफ्टवेअर अपग्रेडच्या वेळी व्हेंडरच्या माणसानं मेन सर्व्हरचा स्नॅपशॉट घेतला होता, तो तसाच राहिला. परवा सकाळी काउंटर उघडायच्या वेळेलाच मेन सर्व्हर अडकला, स्क्रीनवर जागा नाही असा मेसेज, रीट्राय आणि कॅन्सल अशी दोन बटणं. कसंबसं एक टेस्टचं मशीन उडवून चालू केलंय पण डेटास्टोअरवर आता फक्त ३० जीबी शिल्लक आहेत. स्नॅपशॉट काढायचा म्हटलं तर डिलीट दाबायची भीती वाटते, चार महिन्यांचा डेटा जाईल का? रिव्हर्ट करू का?

उत्तर : रिव्हर्ट अजिबात करू नका. हे वाक्य सगळ्यात आधी लिहितोय कारण इथं बटणांची नावं माणसाला बरोबर उलटं सुचवतात. रिव्हर्ट म्हणजे मशीनला त्या दिवसाच्या अवस्थेत मागं नेणं, चार महिन्यांच्या सगळ्या एंट्र्या, ठेवी, कर्जाचे हप्ते, सगळं जाईल. डिलीट म्हणजे ती मागं जायची खूण काढून टाकणं, त्यात आजचा डेटा मूळ डिस्कमध्ये मिसळला जातो आणि मशीन आज जिथं आहे तिथंच राहतं. तुम्हाला हवंय ते डिलीट.

स्नॅपशॉट घेतला की आत काय होतं ते सांगतो म्हणजे भीती जाईल. मशीनच्या डिस्कची मूळ व्हीएमडीके फाइल त्या क्षणी गोठते, तिच्यात लिहिणं बंद. त्यानंतरचं सगळं लिखाण शेजारी बनलेल्या दुसऱ्या फाइलमध्ये जातं, तुम्ही डेटास्टोअर ब्राउझरमध्ये बघितलं तर नावाच्या शेवटी शून्य शून्य शून्य शून्य शून्य एक असा आकडा असलेली फाइल दिसेल, तीच. ही फाइल फक्त वाढत जाते, आणि वाढता वाढता मूळ डिस्कच्या पूर्ण आकाराएवढी होऊ शकते. पतसंस्थेच्या सर्व्हरवर रोज डे-एंड होतं, डेटाबेसचे लॉग लिहिले जातात, रात्री त्याच डिस्कवर बॅकअपची फाइल बनून जुनी उडवली जाते, म्हणजे आतून बघितलं तर वापर तेवढाच पण ब्लॉक मात्र रोज वेगळे बदलतात आणि बदललेला प्रत्येक ब्लॉक त्या शेजारच्या फाइलमध्ये जाऊन बसतो. चार महिन्यांत ती फाइल काही शे जीबीची झाली यात नवल काहीच नाही. व्हीएमवेअरची स्वतःचीच शिफारस आहे की एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि एकामागोमाग एक ३२ पर्यंत घेता येत असले तरी दोन-तीनच्या वर जाऊ नये.

आता ३० जीबीत डिलीट करायचं का, तर घाई नको. मशीन चालू असताना मिसळण्याचं काम सुरू झालं की त्या दरम्यान येणारं नवीन लिखाण ठेवायला, ईएसएक्सआयच्या व्हर्जननुसार, अजून एक तात्पुरती फाइल बनू शकते, तिला जागा लागते. शिवाय मूळ डिस्क थिन (लिहिलं जाईल तशी वाढणारी) असेल तर मिसळताना तीसुद्धा वाढणार. मूळ डिस्क थिक (पूर्ण आकाराची) असेल तर तिची जागा आधीच घेतलेली असते, मग काळजी कमी. म्हणून क्रम असा ठेवा. पहिल्यांदा मेन सर्व्हरच्या आतून डेटाबेसचा पूर्ण बॅकअप डेटास्टोअरच्या बाहेर, एनएएसवर (नेटवर्कवरच्या साठवणीच्या पेटीवर) किंवा वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या आणि तो उघडतोय का ते दुसऱ्या कॉम्प्युटरवर तपासा. मग रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी बाकीची जी मशीन बंद ठेवता येतात ती बंद करा, कारण चालू असलेल्या प्रत्येक मशीनची एक स्वॅप फाइल डेटास्टोअरवर असते, दिलेल्या रॅममधून रिझर्व्ह केलेली वजा करून उरेल तेवढ्या आकाराची. ३२ जीबी रॅमचं मशीन बंद केलं आणि रिझर्व्हेशन काही नसेल तर ३२ जीबी तिथल्या तिथं मोकळे होतात. डेटास्टोअरवर टाकलेल्या जुन्या आयएसओ फाइली असतील तर त्याही काढा. मग मेन सर्व्हरसुद्धा बंद करून स्नॅपशॉट डिलीट करा, बंद असताना नवीन लिखाण नसतं म्हणून काम लवकर आणि कमी जागेत होतं. टक्क्यांचा आकडा ९९ वर बराच वेळ अडकलेला दिसेल, कित्येक तास लागू शकतात, तेव्हा सर्व्हर रीस्टार्ट करायचा मोह टाळा. आणि डेटास्टोअर ब्राउझरमधून ती शून्य-शून्य-एकवाली फाइल हातानं उडवणं म्हणजे चार महिन्यांचा डेटा स्वतःच्या हातानं फेकणं, ते कुणालाही करू देऊ नका, व्हेंडरलाही नाही.

दुसरा मुद्दा तुम्ही विचारला नाही पण मला तो स्नॅपशॉटइतकाच मोठा वाटतो. २ टीबीवर सहा मशीन आहेत, प्रत्येकाची डिस्क किती दिलीये त्याची बेरीज करून बघा. थिन डिस्क असतील तर ती २ टीबीच्या वर गेलेली असण्याची बरीच शक्यता आहे. लग्नाला हजार पत्रिका वाटतो आणि पानं सहाशेच धरतो तसं हे आहे, एरवी निभावतं, पण त्या दिवशी सगळेच आले तर काय करायचं हे आधी ठरलेलं असावं लागतं. थिन वापरायला माझी हरकत नाही, मोकळी जागा वाया जात नाही हा मोठाच फायदा आहे, फक्त मग मशीनच्या आतला मोकळ्या जागेचा आकडा बघून समाधान मानायचं नाही. आत ४०० जीबी फ्री दिसत असताना बाहेर ४ जीबी उरलेले असू शकतात आणि मशीन पॉज होतं ते बाहेरच्या आकड्यावर. व्हीसेंटर (ईएसएक्सआय सर्व्हर एका जागेवरून सांभाळणारं सॉफ्टवेअर) असेल तर डेटास्टोअर ७५ टक्के भरला की पिवळा आणि ८५ ला लाल अलार्म डिफॉल्टनं लागलेला असतो, पण तो मेलवर येईल अशी सोय आपल्याला करावी लागते. तुमच्याकडं एकच ईएसएक्सआय सर्व्हर दिसतोय, मग रोज सकाळी डेटास्टोअरची मोकळी जागा एका वहीत किंवा शीटमध्ये लिहायची जबाबदारी एका माणसावर द्या. पतसंस्थेत लोकांच्या कष्टाची ठेव असते, तिथं हे काम कुणाचंच नाही असं असून चालणार नाही.

प्रश्न (पुणे) : उबुंटू सर्व्हरला २०० जीबीची डिस्क दिली, डीएफ (मोकळी जागा दाखवणारी कमांड) मारलं तर रूटला ९८ जीबीच दिसतात. होस्टनं अर्धीच दिली का?

उत्तर : होस्टनं पूर्ण दिलीये, उबुंटूच्या इन्स्टॉलरनं अर्धी बाजूला ठेवलीये. एलव्हीएमचा (डिस्कची जागा हवी तशी वाटायच्या लिनक्सच्या सोयीचा) पर्याय डिफॉल्ट ठेवून इन्स्टॉल केलं की २० ते २०० जीबीच्या डिस्कमध्ये तो अर्धीच जागा रूटला, म्हणजे मुख्य फाइल सिस्टिमला, देतो आणि २०० च्या वर डिस्क असेल तर १०० जीबीच देतो, बाकीची व्हॉल्यूम ग्रुपमध्ये (एलव्हीएमच्या सामायिक साठ्यात) मोकळी ठेवतो, पुढं स्नॅपशॉटला किंवा वेगळं व्हॉल्यूम करायला उपयोगी पडावी म्हणून. व्हीजीएस टाइप करा, शेवटच्या कॉलममध्ये शंभरच्या आसपास मोकळे दिसतील. मग एलव्हीएक्स्टेंडला स्मॉल आर देऊन त्यातली फ्री जागा जोडा, फाइल सिस्टिमही सोबत वाढते, मशीन बंद करायची गरज नाही. सगळी एकदम देऊ नका असं मात्र सांगेन, १०-२० जीबी ग्रुपमध्ये राहू द्या, रात्री-अपरात्री रूट भरली तर तेवढ्यानं वेळ निघते.

प्रश्न (नाशिक) : हायपर-व्हीमध्ये (मायक्रोसॉफ्टची व्हर्च्युअल मशीनची सोय) विंडोज सर्व्हरची डिस्क फाइल, म्हणजे व्हीएचडीएक्स, ६० वरून १२० जीबी केली. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ६० जीबी अनअलोकेटेड दिसतात पण सी ड्राइव्हवर राइट क्लिक केलं की एक्स्टेंड व्हॉल्यूम राखाडी. काय अडतंय?

उत्तर : सी ड्राइव्ह आणि ती मोकळी जागा यांच्यामधे पाचशे-सातशे एमबीचं रिकव्हरी पार्टिशन आडवं बसलेलं असणार, डिस्क मॅनेजमेंटच्या चित्रात बघा. विंडोज फक्त लगेच उजवीकडं लागून असलेली जागाच सीला जोडू शकतं.

डिस्क मोठी केली की काम झालं असं बहुतेकांना वाटतं, पण ती फक्त बाहेरची पायरी असते. त्यानंतर पार्टिशन वाढवायचं, एलव्हीएम असेल तर त्याचे थर वाढवायचे, आणि शेवटी फाइल सिस्टिम वाढवायची, तेव्हा कुठं प्रोग्रामला जागा मिळते. लिनक्सवर ग्रोपार्ट, मग ईएक्सटी४ असेल तर रीसाइझटूएफएस आणि एक्सएफएस असेल तर एक्सएफएस-ग्रोएफएस. यातली एक पायरी राहिली की वरच्याला काहीच कळत नाही.

तुमच्या केसमध्ये दोन रस्ते आहेत. सोपा म्हणजे मशीन बंद करून जीपार्टेडच्या आयएसओवरून बूट करायचं आणि रिकव्हरी पार्टिशन सरकवून एकदम शेवटी न्यायचं, मग विंडोजमध्ये येऊन एक्स्टेंड. दुसरा रस्ता विंडोजच्या आतूनच, ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये रीएजंटसी डिसेबल, मग डिस्कपार्टमध्ये ते रिकव्हरी पार्टिशन निवडून ओव्हरराइड देऊन उडवायचं, सी वाढवायचा, आणि रीएजंटसी परत एनेबल. पार्टिशनचा नंबर दोनदा वाचा, डिस्कपार्ट खात्री करून घ्यायला थांबत नाही. दोन्हीच्या आधी व्हीएचडीएक्स फाइलची कॉपी काढून ठेवा. चेकपॉइंट (हायपर-व्हीतले स्नॅपशॉट) असतील तर डिस्कच्या आकाराला हात लावायच्या आधी ते मिटवा, हा नियम व्हीएमवेअरवाल्यांनाही लागू, तिथं तर स्नॅपशॉट असताना आकाराचा रकाना बदलूच देत नाहीत.

आणि उलटा प्रवास, म्हणजे १२० चे परत ६०, हा फार त्रासाचा असतो, एक्सएफएस तर लहान करायची सोयच धड नाही. म्हणून सुरुवात लहान आकारापासून करावी, वाढवणं कधीही जमतं.

प्रश्न (रत्नागिरी, पॉलिटेक्निकची लॅब) : सर, केव्हीएमची रॉ फाइल आहे, एलएस केलं तर ८० जीबी दाखवतं, डीयू केलं तर १२ जीबी. एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी केली तर तिथं खरोखरच ८० जीबी खाल्ले. तीस मशीनवर वाटायची आहे, कसं करू?

उत्तर : ही स्पार्स फाइल आहे. जिथं काहीच लिहिलेलं नाही तो भाग लिनक्स डिस्कवर ठेवतच नाही, वाचायला गेलं की शून्यं देतो. एलएस फाइलची लांबी सांगतं, डीयू खरी जागा. एक्सफॅटसारख्या फॉरमॅटला अशी पोकळ फाइल ठेवता येत नाही म्हणून तिथं सगळी शून्यं खरीखुरी लिहिली गेली. लिनक्सच्याच डिस्कवर नेत असाल तर सीपीला स्पार्स इक्वल टू ऑलवेज द्या किंवा आरसिंकला कॅपिटल एस. पण तीस ठिकाणी वाटायची असेल तर क्यूईएमयू-आयएमजी कन्व्हर्टनं, स्मॉल सी देऊन, कॉम्प्रेस केलेली क्यूकाऊ-टू (केव्हीएमच्या डिस्कचा दुसरा प्रकार) फाइल करा, १२ पेक्षाही बरीच लहान होईल आणि कुठल्याही डिस्कवर तशीच राहील.

लॅबसाठी अजून एक सुचवतो. प्रत्येक कॉम्प्युटरवर दहा विद्यार्थ्यांची दहा मशीन ठेवायची असतील तर एकच बेस इमेज ठेवून तिच्यावर प्रत्येकाची वेगळी ओव्हरले फाइल करा, विद्यार्थ्यानं जे बदललं तेवढंच त्याच्या फाइलमध्ये जातं. बेस इमेजला मात्र त्यानंतर कुणी हात लावता कामा नये, तिच्यात काहीही बदललं की वरच्या दहाही फाइली बिघडतात. तिला रीड-ओन्ली करून टाका.

प्रश्न (ठाणे) : ऑफिसच्या लॅपटॉपवर डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) डॉकर (प्रोग्राम कंटेनरमध्ये चालवणारं टूल) वापरते. सी ड्राइव्ह भरत चाललाय, इमेजेस उडवल्या तरी काही फरक पडत नाही. मी तर व्हर्च्युअल मशीन वापरतच नाही.

उत्तर : वापरताय, डब्ल्यूएसएल-टू हे आतून हलकं व्हर्च्युअल मशीनच आहे आणि त्याची डिस्क एका व्हीएचडीएक्स फाइलमध्ये असते, तुमच्या युजरच्या ॲपडेटा लोकलमध्ये शोधा, डॉकर डेस्कटॉपची वेगळी असते. नांदेडच्या विद्यार्थ्याला सांगितलं तेच इथं लागू, फाइल वाढते, आपणहून कमी होत नाही. आधी डॉकर सिस्टिम प्रून चालवा, त्यानं बंद पडलेले कंटेनर, वाऱ्यावरच्या (नाव न उरलेल्या) इमेजेस आणि बिल्ड कॅश जातात, व्हॉल्यूम्स तो आपणहून उडवत नाही आणि तुम्हीही तो ऑप्शन विचार केल्याशिवाय देऊ नका, डेटाबेसचा डेटा बहुतेक वेळा तिथंच असतो. मग डॉकर डेस्कटॉप बंद करून डब्ल्यूएसएल शटडाउन, आणि डिस्कपार्टमध्ये ती व्हीएचडीएक्स निवडून रीड-ओन्ली अटॅच करायची, कॉम्पॅक्ट व्हीडिस्क, मग डिटॅच. विंडोज प्रो असेल आणि हायपर-व्ही चालू असेल तर ऑप्टिमाइझ-व्हीएचडी हीच गोष्ट एका ओळीत करतं. डिस्कपार्टला ॲडमिनचे हक्क लागतात, ऑफिसच्या आयटीला विचारून करा.

प्रश्न (कोल्हापूर) : आमची छोटी कंपनी आहे, एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनच्या क्लाउडच्या) मुंबई रीजनमध्ये सर्व्हर आहे. ५०० जीबीची डिस्क घेतली, वापर ४० जीबी. बिल ५०० चं येतं. सर्व्हर रात्री बंद ठेवला तरी डिस्कचं बिल कमी होत नाही. डिस्क लहान करता येईल?

उत्तर : ईबीएस, म्हणजे एडब्ल्यूएसच्या सर्व्हरला जोडायच्या डिस्कचं बिल दिलेल्या आकारावर असतं, वापरावर नाही, आणि सर्व्हर थांबवला तरी डिस्क तुमच्या नावावर राखलेलीच असते म्हणून तिचं भाडं चालू राहतं. मोठी करता येते, लहान करता येत नाही. स्नॅपशॉट घेऊन त्यातून लहान डिस्क करू म्हणाल तर तेही होत नाही, स्नॅपशॉटमधून होणारी डिस्क मूळ आकाराची किंवा मोठीच असावी लागते. मग उरतो तो सरळ रस्ता, ८० जीबीची नवीन डिस्क घ्या, सर्व्हरला जोडा, फॉरमॅट करून डेटाबेस थांबवून आरसिंकनं डेटा हलवा, एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठं जोडायची त्या यादीत) नवीन यूयूआयडी (डिस्कचा ओळख क्रमांक) टाका, रीबूट करून आठवडाभर बघा आणि मगच जुनी सोडा. ५०० जीबीची डिस्क हीच रूट डिस्क असेल तर त्याच्याशी झटापट करण्यापेक्षा लहान डिस्कचा नवीन सर्व्हर उभा करून सगळं तिकडं नेणं सोपं पडतं.

हे करता करता व्हॉल्यूम्सच्या यादीत 'अव्हेलेबल' असा शिक्का असलेल्या डिस्क आहेत का बघा. मागं कधीतरी सर्व्हर कायमचा काढून टाकला असेल तर त्याला नंतर जोडलेल्या डेटा डिस्क बहुतेक वेळा मागं राहतात, कुणाला जोडलेल्या नसतात पण बिलात दर महिन्याला येतात. जुने स्नॅपशॉटही तपासा, ते आधीच्यापेक्षा बदललेले ब्लॉकच साठवतात म्हणून एकेकटा स्वस्त वाटतो, पण वर्षभर रोजचा घेत गेलं आणि जुना एकही काढला नाही तर रक्कम चांगलीच जाणवते.

प्रश्न (म्हापसा, गोवा) : हॉटेलच्या बिलिंगचा मायएसक्यूएल सर्व्हर व्हीएमवर आणतोय. थिन की थिक?

उत्तर : डेटाबेसच्या डिस्कला थिक, त्यातही ईगर झीरोड. थिनमध्ये नवीन ब्लॉकला पहिल्यांदा लिहिताना जागा घेणं आणि ती शून्य करणं अशी दोन कामं होतात, लेझी झीरोडमध्ये जागा आधी घेतलेली असते पण शून्य करणं बाकी असतं, ईगरमध्ये दोन्ही बनवतानाच उरकलेलं असतं. एकदा लिहून झालेल्या ब्लॉकवर नंतर फारसा फरक राहत नाही, म्हणून वेगाच्या नावाखाली सगळीच मशीन थिक करू नका. माझ्या दृष्टीनं डेटाबेसला थिक द्यायचं खरं कारण वेग हे नाहीच, त्याची जागा दुसऱ्या कुठल्या मशीननं खाऊन टाकायला नको हे आहे, डिसेंबरमध्ये हॉटेल फुल असताना बिलिंग पॉज झालेलं परवडणार नाही. ऑपरेटिंग सिस्टिमची डिस्क थिन ठेवली तरी चालेल.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : लिनक्स व्हीएममध्ये डीएफ १०० टक्के दाखवतंय. डीयूनं सगळे फोल्डर मोजले, बेरीज ३१ जीबी. डिस्क ६० ची. काल १८ जीबीची लॉग फाइल उडवली तरी एक एमबीसुद्धा सुटली नाही. डिस्क वाढवून घेऊ का?

उत्तर : थांबा, वाढवू नका. ती लॉग फाइल ज्या प्रोग्रामनं उघडी ठेवलीये तो अजून चालू आहे, नाव गेलं तरी फाइल जात नाही जोवर तो तिला सोडत नाही. एलएसओएफला प्लस एल वन देऊन बघा, यादीत 'डिलीटेड' असं लिहिलेली १८ जीबीची ओळ दिसेल आणि शेजारी प्रोसेसचं नाव. ती सर्व्हिस रीस्टार्ट करा, जागा लगेच सुटते. पुढच्या वेळी चालू लॉग उडवायच्या ऐवजी ट्रंकेटनं शून्य करा, आणि लॉगरोटेट लावून घ्या.

त्यातून सुटले १८, डीयूचे ३१, झाले ४९. उरलेल्यातले साधारण ३ जीबी ईएक्सटी४ रूट युजरसाठी राखून ठेवतं, डिफॉल्ट पाच टक्के, ते ट्यूनटूएफएसनं एक टक्क्यावर आणता येतात, पण रूट पार्टिशनला मी तसं करत नाही, डेटाच्या वेगळ्या पार्टिशनलाच करतो. बाकीचे थोडे स्वॅपच्या पार्टिशनमध्ये आणि फाइल सिस्टिमच्या स्वतःच्या नोंदींमध्ये असतील, एलएसबीएलके मारून पार्टिशनचे आकार बघा. तरीही काही जीबींचा मेळ बसला नाही तर कुठल्या तरी माउंट पॉइंटच्या खाली जुन्या फाइली दबल्यात का ते पाहा, म्हणजे बॅकअपची डिस्क माउंट झालेली नसताना बॅकअपची स्क्रिप्ट चालली आणि सगळं रूटवरच लिहून गेली असं फार वेळा होतं, डिस्क माउंट झाली की ते झाकलं जातं आणि डीयूला दिसतच नाही. रूट पार्टिशन बाइंड करून दुसऱ्या फोल्डरवर माउंट केलं की खालचं सगळं दिसतं, तिथून काढून टाका.